आमचे येथे 'ङ'वरून नावे सुचवून मिळतील

संस्कृत घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलीला नातेवाइकांत फार मान असतो. 'वा! देवभाषा!' म्हणून लोक हात जोडतात आणि लगेच 'रामः रामौ रामाः' म्हणून दाखवतात. शाळेत 'स्कोअरिंग' म्हणून संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाकडे एवढी पुंजी शिल्लक असतेच. तृतीया विभक्तीपाशी गाडी अडते. मग 'आता राहिलं नाही गं पूर्वीचं,' असा सुस्कारा येतो. जणू पूर्वी ते घरात दूधवाल्याशीही संस्कृतातच बोलायचे!

आमच्या मामांची श्रद्धा याहून आधुनिक. 'कॉम्प्युटरला सर्वांत योग्य भाषा संस्कृत. नासानं मान्य केलंय!' हा मेसेज ते दर गुरुवारी पाठवतात. यामागे खरा लेख आहे, तो 1985 सालचा. नासाच्या संशोधन केंद्रातल्या रिक ब्रिग्ज यांनी तो 'एआय मॅगझिन'मध्ये लिहिला. वाक्याचा अर्थ उलगडून मांडायची आपल्या वैयाकरणांची रीत आणि यंत्राला ज्ञान समजावण्याची रीत यांत साम्य आहे, एवढंच त्याचं म्हणणं. मी मामांना लेख पाठवला. त्यांनी तो न उघडता नमस्काराची खूण पाठवली.

पण आत्यासमोर मामा फिके. तिच्या नातीचा जन्म आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर झाला आणि गुरुजींनी आद्याक्षर काढून दिलं 'ङ'. आत्याचा फोन आला.

"अगं, तुमच्या त्या पाणिनीत असेल की एखादं छानसं नाव!"

"आत्या, पाणिनीची सूत्रं चार हजारांच्या घरात आहेत, पण 'ङ'वरून मुलीचं नाव ठेवायची सोय त्यांत नाही गं."

"मग फी भरून शिकतेस तरी काय?"

शेवटी बाळाचं नाव 'मायरा' ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "आता याचा संस्कृतात काहीतरी चांगला अर्थ काढून दे. पाहुण्यांना सांगायला लागतो."

संस्कृतात सगळं पवित्र आणि गंभीरच असणार, अशी या मंडळींची खात्री आहे. त्यांना एकदा आमच्या 'मृच्छकटिका'च्या तासाला बसवायला हवं. शूद्रकाच्या या नाटकात तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा चोर येतो. हा चार वेद जाणणाऱ्या ब्राह्मणाचा मुलगा. चोरीचंही त्याच्याकडे रीतसर शास्त्र आहे. रोजच्या अर्घ्याच्या पाण्यानं भिंत कुठे पोखरली आहे ते तो आधी हात लावून बघतो. मग भगदाड कोणत्या आकाराचं पाडावं, कमळाचं, चंद्रकोरीचं, स्वस्तिकाचं की पूर्णकुंभाचं, यावर विचार करतो आणि विटांची भिंत म्हणून पूर्णकुंभ पसंत करतो. मोजायची दोरी मात्र घरीच राहिलेली. मग गळ्यातलं जानवं काढून त्यानं माप घेतो, वर जानव्याचे चोरीतले उपयोगही सांगतो. साप चावला तर बोट बांधायला बरं, असं म्हणतो न म्हणतो तोच साप चावतो आणि जानवं बोटाला गुंडाळलं जातं. कळस म्हणजे घरमालक चारुदत्त जागा झाल्यावर आधी भगदाडाच्या कारागिरीला दाद देतो. मग आपल्या रिकाम्या घरातून चोर बिचारा निराश होऊन गेला असेल म्हणून हळहळतो.

हे ऐकल्यावर आजी म्हणाली, "परीक्षेला येतं हे? शिकवतंय कोण?"

याच अंकात, चोरीच्या आधी, विदूषक मैत्रेय आपल्याला कशाकशाचं हसू येतं ते सांगतो. एक म्हणजे संस्कृत बोलणारी बाई. नवी वेसण घातलेल्या गाईसारखी ती सू-सू करते म्हणे. आमच्या वर्गात बाक भरून मुली आणि मुलगा एकच, पंख्याखाली बसणारा. हा उतारा वाचायची पाळी नेमकी त्याच्यावर आली. त्यानं घसा खाकरला, मागं वळून पाहिलं आणि 'सर, पुढचा श्लोक घेऊ का?' म्हणाला. 'घे की, तुलाच सू-सू करायची आहे,' असं मागच्या बाकावरून उत्तर गेलं. गंमत म्हणजे हा मैत्रेय स्वतः ब्राह्मण असून नाटकभर प्राकृतातच बोलतो.

आता राहिला नोकरीचा प्रश्न. 'पुढे काय?' हे पाहुणे मला न विचारता बाबांना विचारतात. बाबा हिशेबी. त्यांनी चौकशी केली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला संस्कृत महाकोश त्यांना सापडला. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून, प्रत्येकाचा अर्थ काळानुसार कसा बदलत गेला ते नोंदवायचं, असं हे काम. 1948 मध्ये सुरू झालं, पहिला खंड 1976 साली निघाला आणि एकूण पस्तीस खंड झाले तरी अजून 'अ'च चालू आहे! बाबांचे डोळे चमकले. वर्णमाला केवढी लांब! आयटीत कधी कुणाला काढतील याचा नेम नाही, पण इथं 'ह' येईपर्यंत कुणाच्या बापाची हिंमत नाही.

तेव्हापासून 'पोरीचं पुढे काय?' असं कुणी विचारलं की बाबा शांतपणे सांगतात, "पुढे 'आ'."

पाहुणे आ वासून बघत राहतात. कोशाचं काम तेवढंच एक अक्षर पुढं सरकतं.