उसना पाऊस

रात्री दोन वाजता एडिटरला कुत्रं हवं असतं. लांबवर, एकदाच, आणि फार उत्साह न दाखवता भुंकणारं. बाहेर गल्लीत चार-पाच कुत्र्यांची सभा रंगात आलेली असते, पण तिचा काही उपयोग नसतो. त्यांच्या भाषणांत मधूनच रिक्षा येते, वॉचमनची शिट्टी येते. शिवाय नायिका दार लोटून घेईल तेव्हाच भुंका, असं त्यांना सांगणार कोण? मग एडिटर उठतो, खिडकी घट्ट लावून घेतो आणि बार्सिलोनाला जातो.

बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात संगीत-तंत्रज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या मंडळींनी २००५ साली ‘फ्रीसाउंड’ नावाचं भांडार इंटरनेटवर उघडलं. कुणीही आपल्या अंगणातले, स्वयंपाकघरातले, आगगाडीतले आवाज रेकॉर्ड करून तिथं ठेवायचे आणि ज्याला लागतील त्यानं न्यायचे. आता तिथं लाखो आवाज आहेत. दारं म्हणाल तर लाकडी, लोखंडी, कुरकुरणारी, रागानं आपटलेली. पाऊस म्हणाल तर पत्र्यावरचा, तंबूवरचा, छत्रीवरचा, गाडीच्या टपावरचा. कुठल्याशा गावातला एक गृहस्थ स्वतःच्या फ्रिजची घरघर दहा मिनिटं रेकॉर्ड करतो, ती नीट नाव देऊन जगाच्या हवाली करतो आणि झोपायला जातो. त्या फ्रिजवर पुढं नाशिकच्या एका शॉर्ट फिल्ममधलं नवरा-बायकोचं भांडण निभावून जातं. माणूसजात स्वार्थी आहे असं म्हणणाऱ्यांनी या फ्रिजवाल्याचा विचार केलेला नसतो.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण म्हणजे माझा एक संकलक मित्र. त्याच्या खोलीत त्याची एक फिरती खुर्ची आणि तिच्यामागे एक स्टूल आहे. सबटायटल्स लिहायच्या निमित्तानं ते स्टूल बहुधा माझ्याकडे असतं. स्टुलावरून काम दिसत नाही, पण स्वभाव दिसतो.

चित्र कापायची हत्यारंही हल्ली फुकट मिळतात. रंग सुधारायची जी यंत्रणा एकेकाळी बड्या स्टुडिओंनाच परवडायची, ती ‘डा विंची रिझॉल्व्ह’ या नावानं कॉलेजच्या पोराच्या लॅपटॉपवर विनामूल्य उतरते. त्यानंतर लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो ती गोष्ट वेगळी. कुठलीही न उघडणारी फाइल उघडणाऱ्या व्हीएलसीचं चिन्ह रस्त्यावरचा नारिंगी शंकू आहे, कारण पॅरिसच्या ज्या विद्यार्थ्यांकडून हे काम सुरू झालं त्यांच्याकडे असे शंकू गोळा झालेले होते. फाइल बारीक करून देणाऱ्या हँडब्रेकच्या चिन्हात एक अननस आणि शेजारी भरलेला पेला. पैसे न घेणाऱ्या माणसांना निदान चिन्ह निवडताना कुणाला विचारावं लागत नसावं. पण हत्यारांबद्दल एडिटर मंडळी इतकं बोलतात की मी त्यात भर घालत नाही. माझा जीव आवाजांत अडकलाय.

फुकट म्हणजे तरी काय, यालाही पोटभेद आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने २००२ च्या अखेरीस निघाले. त्यातला एक म्हणतो, घ्या, काही विचारू नका. दुसरा म्हणतो, घ्या, पण धंद्यासाठी नको. आणि तिसरा, सगळ्यात गोड, म्हणतो की घ्या, धंदाही करा, फक्त आमचं नाव घ्या. हा परवाना आपल्याला लगेच समजायला हवा; घास भरवायच्या आधी नाव घ्यायला लावण्याची आपली पद्धत जुनीच आहे. फरक एवढाच की इथं नावं उखाण्यात बसत नाहीत. आवाज देणारी माणसं खऱ्या नावानं वावरतातच असं नाही. कुणी प्राण्याचं नाव घेतलेलं, कुणी नुसती अक्षरं, आणि पुढं चार आकडे. त्यामुळं शेवटच्या श्रेयनामावलीत ‘विशेष आभार : ग्रामपंचायत, सर्व ग्रामस्थ’ याच्या खाली गाडीच्या नंबरांसारखी एक यादी सरकत जाते. निर्माता विचारतो, हे कोण? मित्र शांतपणे सांगतो, हा तुमचा पाऊस, ही रातकिड्यांची मंडळी, आणि हा जिना उतरलाय.

केविन मॅक्लाऊड या अमेरिकन संगीतकारानं तर हजारांहून जास्त रचना अशाच नुसत्या नावाच्या बोलीवर वाटून टाकल्या. त्याचं नाव ठाऊक नसलं तरी त्याची ‘मंकीज स्पिनिंग मंकीज’ ही टुणटुण उड्या मारणारी धून तुम्ही ऐकलेलीच आहे. मांजर टेबलावरून पडतं तिथं ती असते, आणि मिसळीचा कट पहिल्यांदा जिभेला लागलेला पाहुणा डोळे पुसतो तिथंही ती असते. काही वर्षं अशी गेली की ही धून कानावर आल्याशिवाय हसायचं कुठं ते लोकांना कळेना.

आवाज असे हिंडायला लागले की कुठं उगवतील याचा नेम नाही. इंग्रजी सिनेमातला बेडूक ‘रिबिट’ असं म्हणतो. खरं तर तसं म्हणणारा बेडूक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. हॉलिवूडही त्याच किनाऱ्यावर, तेव्हा माइक घेऊन बाहेर पडलेल्यांना तोच सापडला. मग जगातल्या कुठल्याही तळ्याकाठी तोच बेडूक. १९३० च्या दशकातल्या टारझनपटांतलं आफ्रिकेचं जंगल ज्या भेसूर हास्यानं दुमदुमतं ते कूकाबुरा पक्ष्याचं, आणि हा पक्षी ऑस्ट्रेलियाचा. अमेरिकेचं मानचिन्ह असलेल्या गरुडाचा खरा आवाज इतका बारीक आणि चिवचिवाटी आहे की सिनेमात तो आकाशात झेपावतो तेव्हा ओरडतो दुसराच, तांबड्या शेपटीचा एक ससाणा. आपल्याकडे पार्श्वगायन असतं याची ज्यांना गंमत वाटते त्यांच्या राष्ट्रीय पक्ष्यालासुद्धा प्लेबॅक लागतो.

आणि ती किंकाळी. ‘डिस्टंट ड्रम्स’ या १९५१ च्या चित्रपटात दलदलीत एका माणसाला मगर धरते, तेव्हा तो ओरडतो. शेब वूली नावाच्या गायक-नटाचा तो आवाज असावा असं मानतात. पुढं बेन बर्ट या ध्वनिसंयोजकानं ती किंकाळी हुडकून १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये घातली, मग आणखी एकात, मग त्याच्या मित्रांनीही. ‘विल्हेल्म किंकाळी’ म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि शेकडो सिनेमांत कुणी ना कुणी त्याच आवाजात कड्यावरून पडत राहिलं. मगरीनं एकदाच धरलं. बिचारा सत्तर वर्षं मरतोय.

इतकं सगळं मिळत असताना एक गोष्ट मात्र उसनी चालत नाही. ती म्हणजे शांतता. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. पंखा बंद केला तरी ट्यूबलाइट गुणगुणते, वरच्या मजल्यावर पाटा सरकतो, लांबचा रस्ता घुमतो. दोन संवादांच्या मधे हे काहीच नसेल तर कानाला खड्डा लागतो. म्हणून चित्रीकरण संपलं की साउंड रेकॉर्डिस्ट हात वर करून म्हणतो, रूम टोन घेतोय, अर्धा मिनिट कुणी हलू नका. ‘आलम आरा’पासून आपल्याकडे सिनेमा बोलायला लागला तो १९३१ साली; गप्प बसायला अजून शिकतोय. तीस माणसांच्या मराठी युनिटला तीस सेकंद गप्प बसवणं हे मी पाहिलेलं आहे. दहाव्या सेकंदाला कुणाला तरी खोकला येतो. तो दाबताना दुसऱ्याला हसू येतं. विसाव्या सेकंदाला चहावाला ‘कटिंग किती?’ म्हणत आत येतो आणि सगळे त्याच्याकडे असे बघतात की त्यानं कुणाचा तरी शेवटचा श्वास मोडला. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मित्राच्या हाती लागते ती अकरा सेकंदांची शांतता. तीच तो ओढूनताणून, जोडून, अख्ख्या घराला पुरवतो. गरिबाघरची भाकरीही इतकी पुरवून खाल्ली जात नसेल.

आमच्या या मित्रानं अलीकडे एका तरुण दिग्दर्शकाची संगमेश्वराकडं घडणारी फिल्म जोडली. गावाकडचे आवाज रेकॉर्ड करायला बजेटमध्ये जागा नव्हती. मित्रानं आपल्या परीनं काळजी घेतली. रात्रीच्या प्रसंगाला भांडारातलं घुबड आयतं हजर होतं, पण ते अमेरिकेचं. ते त्यानं बाजूला सारलं. ‘झेनो-कॅन्टो’ नावाचं पक्ष्यांच्या आवाजांचं एक जागतिक संकलन आहे. नेदरलँड्समध्ये सुरू झालेलं, तेही २००५ चंच. तिथं कुठला पक्षी, कुठल्या गावी, कुठल्या तारखेला, किती वाजता ओरडला याची लेखी नोंद असते. एवढी शिस्त आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात नाही. तिथले पुष्कळ आवाज धंद्यासाठी वापरता येत नाहीत, पण खात्री तर करता येते. त्यावरून त्यानं टिटवी ठरवली, पिंगळा ठरवला, पेरणीच्या आधीच्या प्रसंगाला पावशा ठरवला, आणि ते रीतसर परवानगीनं मिळवले. पावसाला मात्र गाव नसतं, म्हणून पाऊस जिथून मिळाला तिथून घेतला. बेडकाबद्दल दिग्दर्शक म्हणाला, बेडूक तो बेडूक. जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. पैसे तो देणार होता.

पहिला खेळ पुण्यात, एका छोट्या सभागृहात झाला. दिग्दर्शकाचे चुलत आजोबा, अण्णा, मुद्दाम गावाहून आले होते. फिल्म संपली, दिवे लागले, टाळ्या झाल्या. लोक छायाचित्रणाबद्दल बोलत होते, शेवट खुला ठेवल्याबद्दल बोलत होते. दिग्दर्शकानं वाकून नमस्कार केला आणि विचारलं, “अण्णा, कशी वाटली?”

“बरी आहे,” अण्णा म्हणाले. “पोरीनं काम झकास केलंन. बेडूक आपला नव्हे.”

मागं उभ्या असलेल्या मित्राचा चेहरा असा उजळला की त्याला पुरस्कारच जाहीर झाला असावा. तो पुढं झाला. मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते सभागृहाच्या माणसानं दिवे मालवेपर्यंत संपेना. पहिल्या पावसात पिवळेजर्द होणारे मोठे बेडूक खळ्यात कसे ओरडतात, ते अण्णांनी करून दाखवलं. दबल्या आवाजात नव्हे. चहाच्या टेबलाशी गर्दी होती ती वळून बघायला लागली. मित्रानं मोबाइल काढून रेकॉर्डिंग चालू केलं होतं. पावसाचंही अण्णांना पटलेलं नव्हतं. हा कौलांवर पडतच नव्हता, म्हणाले, हा कुठं तरी डांबरावर पडत होता.

“अण्णा, पुढच्या फिल्मला याल का? आवाज तपासायला?” मित्रानं विचारलं. “मानधन फारसं नाही देता येणार.”

“मानधनाचं राहू द्या हो,” अण्णा म्हणाले. “शेवटी नावं सरकतात ना, त्यात नाव घाला माझं. पण अख्खं घाला. त्या बाकीच्यांसारखे आकडे नकोत पुढे.”