एका नंबरावर सहा पोटभाडेकरू

आमच्या सोसायटीच्या कमिटीनं मला नोटीस काढली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी सहा पोटभाडेकरू ठेवले आहेत, सोसायटीचं ना-हरकत घेतलेलं नाही, पोलीस पडताळणी केलेली नाही, असा तिचा मजकूर. पोटभाडेकरूंची यादीही जोडली होती: पायगुडे, डोळे, दाते, कापडणीस, गोडबोले आणि वैद्य. आमच्या हिनं ती यादी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाली, "सहा जण राहतात आणि दळण आणायला एकही जात नाही?"

ते जाणार नव्हतेच. कारण ते सहाही जण मी होतो.

आता थोडं मागं जायला हवं. पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेत माझी सगळी नोकरी झाली. गोपनीय अहवालांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची. कोणत्या उपअभियंत्याला कोणता शेरा बसलाय हे मी कधी घरीसुद्धा बोललो नाही. बोललो असतो तरी कोणी ऐकलं नसतं, तो भाग वेगळा. निवृत्त झाल्यावर कपाट गेलं, किल्ली गेली, पण गुपित राखायची खोड काही गेली नाही. आणि नेमकं याच काळात जगाला माझ्याबद्दल सगळं कळायला लागलं. दुपारी डोळा लागला की फोन वाजायचा. पाच लाखांचं कर्ज, "फक्त तुमच्यासाठी". कर्जतला प्लॉट. गुडघ्यांसाठी तेल. गुडघे दुखतात हे मी फक्त औषधाच्या दुकानात बोललो होतो.

"माझा नंबर तुम्हाला दिला कोणी?" मी एका मुलीला दरडावून विचारलं.

"सिस्टीममध्ये आलाय, सर."

सिस्टीम म्हणजे नेमकं कोण, याची चौकशी लावायची असं मी त्याच दिवशी ठरवलं. खात्यात फितूर शोधायची एक जुनी युक्ती होती. एकाच पत्राच्या प्रती वेगवेगळ्या साहेबांना द्यायच्या, प्रत्येक प्रतीत एक शब्द निराळा ठेवायचा. मग वर्तमानपत्रात जो शब्द छापून येईल, त्यावरून पत्र कुठून फुटलं ते कळतं. मी तीच युक्ती दुकानांवर चालवली. जिथं जिथं बिल करताना "सर, नाव आणि मोबाइल नंबर?" असं विचारतील तिथं तिथं वेगळं आडनाव सांगायचं. माझं वय झालेलं, लक्षात राहायला हवं, म्हणून दुकानाला शोभेल असं आडनाव घेतलं. चपलांच्या दुकानात मी पायगुडे झालो, चष्म्याच्या दुकानात डोळे. दातांच्या दवाखान्यात दाते, कपड्यांच्या शोरूममध्ये कापडणीस, मिठाईवाल्याकडे गोडबोले. औषधाच्या दुकानात वैद्य. उद्या कोणी फोनवर "दाते साहेब" म्हणालं, की चोर सापडला!

जन्मतारखाही वेगवेगळ्या दिल्या. पुरावा दुहेरी असलेला बरा. दवाखान्यात तर जन्मसालात मी इतका उदार झालो, की दाते अठ्ठावीस वर्षांचे निघाले. डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, माझं तोंड उघडून आत पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला. काही बोलले नाहीत. कवळीचं माप मात्र घेतलं.

पहिले काही महिने फितुरी काही सापडली नाही. वाढदिवस मात्र भरपूर झाले. दर महिन्या-दोन महिन्यांनी सकाळी सकाळी शुभेच्छा यायच्या, "आजच्या दिवशी खास तुमच्यासाठी १५ टक्के सूट". श्रावणात जन्मलेल्या गोडबोल्यांना मिठाईवाल्यानं पाव किलो पेढे फुकट दिले. ते मी घरी आणले नाहीत, कारण घरी खुलासा करावा लागला असता. मधुमेह गोडबोल्यांना नव्हता, तो वैद्यांना होता.

आणि मग एका दुपारी तो फोन आला. "नमस्कार, डोळे सर बोलताय का? आपल्यासाठी प्री-अप्रूव्ड पर्सनल लोन आहे."

मला इतका आनंद झाला, की मी तिचे आभार मानून फोन ठेवला. तसाच पायात चपला सरकवून (पायगुड्यांच्या) चष्म्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीपुढे मी जे भाषण केलं, तसं नोकरीत कधी केलं नव्हतं. विश्वासघात, गोपनीयता, ग्राहक मंच, सगळं आलं. तिनं शांतपणे ड्रॉवरमधून माझाच फॉर्म काढला. त्याच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, की माझी माहिती समूहातील कंपन्या, व्यावसायिक भागीदार आणि सेवा पुरवठादार यांना देण्यास माझी संमती आहे. खाली सही. सही डोळ्यांची, पण अक्षर माझं.

"वाचलं नव्हतं का सर?"

काय सांगणार? मी चष्माच करायला आलो होतो.

संध्याकाळी भाचीला फोन केला. ती ऐरोलीला एका कंपनीत आहे, गिऱ्हाइकांची माहिती चाळून कोणाला कोणती जाहिरात दाखवायची हे ठरवायचं तिचं काम. म्हणजे ज्या सिस्टीमला मी शोधत होतो, तिला मी दर भाऊबीजेला शेजारी बसवून जेवत होतो. तिनं आधी हसून घेतलं, मग म्हणाली, "मामा, ते कोणीच वाचत नाही. २००८ साली अमेरिकेत दोन संशोधकांनी हिशेब मांडला होता, एका माणसानं वर्षभरात उघडलेल्या वेबसाइटांची गोपनीयता धोरणं नुसती वाचायची म्हटलं तर २४४ तास लागतात. २०१० च्या एक एप्रिलला ब्रिटनमधल्या व्हिडिओ गेमच्या एका दुकानानं आपल्या अटींत गिऱ्हाइकाच्या अमर आत्म्यावर मालकी घातली होती. हजारो लोकांनी आत्मा देऊन टाकला."

"अगं, पण मी नाव तर खोटं दिलं होतं!"

"नावाशी त्यांना काय करायचंय? नंबर कोणता दिलास?"

नंबर अर्थातच खरा दिला होता. तो नसेल तर ओटीपी कुठं येणार, आणि पॉइंट कुठं जमा होणार?

यावर फोनच्या पलीकडे जी शांतता पसरली, तशी मी शाळेत गणिताच्या मास्तरांपुढे फळ्याजवळ उभा असताना पसरायची. मग तिनं समजावलं. दुकानाच्या बिलिंगमधून नंबर जातो गिऱ्हाइकांच्या नोंदींत. तिथून मेसेज पाठवणाऱ्या एजन्सीकडं, समूहातल्या विमा नि कर्ज कंपन्यांकडं. दुकानं आपल्या नंबरांची यादी समाजमाध्यमांच्या कंपन्यांकडेही देतात. नंबराचं आधी गणिती कूट करतात, पण त्या कंपनीकडं आपल्या नंबरांची तशीच कुटं तयार असतात. दोन्ही जुळली की चपलेचं बिल करून आलेल्या माणसाला रात्री मोबाइलवर मोजे दिसतात. नाव चुकीचं असलं तरी बिघडत नाही. नावं लोक चुकवतातच. नंबर मात्र माणूस दहा-दहा वर्षं बदलत नाही, आणि बँक, गॅस, आधार सगळं त्यालाच बांधलेलं.

"टेस्को नावाची दुकानं आहेत ना इंग्लंडात," ती आता रंगात आली होती, "त्यांनी १९९५ मध्ये क्लबकार्ड काढलं. त्याच्या आधी क्लाइव्ह हम्बी आणि एडविना डन या नवरा-बायकोनं प्रयोगातल्या कार्डांची माहिती तपासून संचालकांपुढं मांडली. तेव्हा अध्यक्ष म्हणे हबकले. आपल्याला तीस वर्षांत गिऱ्हाइकाबद्दल कळलं नाही ते यांना तीन महिन्यांत कळलं, म्हणाले. त्यात कोणाचं आडनाव काय, हा मुद्दाच नव्हता. कोण काय उचलतं आणि कधी उचलतं, एवढं पुरतं. मामा, पॉइंट ही त्या माहितीची किंमत आहे. स्वस्तात पडते त्यांना."

मी माझे पॉइंट आठवले. सहा जणांचे मिळून एक पाण्याची बाटली आली असती.

सिस्टीमनं या सहा आडनावांचा अर्थ कसा लावला, हे मला पुढच्या आठवड्यात एका विमावाल्या मुलानं सांगितलं. आवाज अतिशय आदरयुक्त. "सर, आपल्या एकत्र कुटुंबासाठी फ्लोटर पॉलिसी सुचवायची होती. आमच्या नोंदीप्रमाणं या नंबरवर सहा सदस्य आहेत. एक ज्येष्ठ मधुमेही आहेत, आणि श्री. दाते अठ्ठावीस वर्षांचे, अविवाहित." त्यानंतर दात्यांना दोन विवाह मंडळांकडून स्थळं आली. एक मुलगी एम. टेक. होती. आमच्या हिनं तो मेसेज मोठ्यानं वाचला आणि माझ्या पुढ्यातलं ताट किंचित आपल्याकडं ओढून घेतलं.

सणासुदीला भेटवस्तूंची कुरिअरं सुरू झाली आणि प्रकरण फाटकाबाहेर गेलं. किंवा खरं म्हणजे फाटकाशीच आलं. वॉचमनच्या वहीत नोंदी पडत गेल्या: फ्लॅट नंबर माझा, आणि नावं पायगुडे, वैद्य, कापडणीस. वॉचमननं सेक्रेटरींना सांगितलं, सेक्रेटरींनी खजिनदारांना. खजिनदारांनी बिनभोगवटा शुल्क लावायचं सुचवलं. हे शुल्क घर भाड्यानं दिलेल्या मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेता येतं. मी घरातच राहतो, म्हणजे भोगवटा माझाच, हे माझं म्हणणं त्यांनी "तांत्रिक" ठरवलं.

कमिटीपुढं मी खरं ते सांगितलं, पण कोणी विश्वास ठेवेना. अध्यक्ष म्हणाले, "कागद दाखवा." मी आस्थापनेतला माणूस, कागद म्हटलं की मला चेव येतो. घरी जाऊन फाइल आणली. माझं आधार, हिचं आधार, दोघांची पॅन कार्डं, लेकीचा आणि जावयांचा नंबर (चौकशीसाठी), आणि सहाही दुकानांची सगळी बिलं तारीखवार लावून. आधारचे शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेली प्रत अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते, हे मला भाचीनं नंतर सांगितलं. मी आख्खी झेरॉक्स दिली, तीही दोन प्रतींत.

सेक्रेटरी एकेक बिल मोठ्यानं वाचत गेले. चपला, नंबर आठ. केसांचा कलप, नैसर्गिक काळा. बनियन, माप शंभर. मूळव्याधीचं मलम, दोन ट्यूब. कमिटीत तीन बायका होत्या. मला निर्दोष सोडण्यात आलं, पण सभेचं इतिवृत्त टाइप होऊन शंभरावर फ्लॅटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं. त्यातला माझा परिच्छेद असा: "सदर सभासदांनी खुलासा केला, की श्री. वैद्य हे ते स्वतःच असून मलम त्यांच्या वैयक्तिक वापरासाठी आहे. सभेने नोंद घेतली." कोणत्याही कंपनीला इतकं नीटनेटकं जमलं नसतं. आता लिफ्टमध्ये लोक मला बसायला जागा आहे का बघतात. लिफ्टमध्ये.

भाचीचा नवरा वकील. त्यानं सांत्वन म्हणून कायदा सांगितला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या खटल्यातले अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये अर्ज केला तेव्हा ऐंशी ओलांडलेले. मी ऐकून गप्प बसलो. त्या वयात ते गृहस्थ स्वतःच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मी त्यांच्याहून लहान असून पेढ्यांसाठी गोडबोले झालो. पुढं २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती सांभाळली नाही तर कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

"छान आहे," मी म्हणालो.

"मामा, त्यात नागरिकाचीही कर्तव्यं आहेत. माहिती देताना दुसऱ्या कोणाची बतावणी करायची नाही. दंड दहा हजारांपर्यंत."

"पण पायगुडे नावाचा दुसरा कोणी नव्हताच ना! मी काढलेला."

"तो युक्तिवाद करता येईल," तो वकिली सुरात म्हणाला. "शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि बहुतेक तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिने ठेवलेत. तूर्त तुम्हीही सुटलात आणि चष्मेवालाही."

१९०९ वर मेसेज करून जाहिराती बंद करता येतात, तेही मी केलंय. उपयोग होतो, पण ज्याला आपण सही करून संमती दिली त्याला ती यादी अडवत नाही. ती संमती वेगळी मागं घ्यावी लागते, आणि माझ्या बाबतीत ती सहा जणांनी मागं घ्यायला हवी.

तेव्हा माझं ऐका. खोटं नाव देण्याच्या फंदात पडू नका, नंबरच देऊ नका. बिल करायला गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर हवाच असा हट्ट दुकानदारांनी धरू नये, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच सांगितलंय. "सिस्टीम पुढं जात नाही सर" असं म्हणतील. जरा थांबा, मागची रांग चुळबुळ करू दे. काउंटरवरची मुलगी दुकानाचाच नंबर टाकते आणि बिल निघतं.