मास्तर, पासपोर्ट दाखवा!

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायची हौस आहे? मग जन्म कुठे घ्यायचा ते आधीच नीट ठरवा. तिथल्या ई-२ व्हिसासाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांचेच नागरिक चालतात. पदवी हवी, पण ती कशातली, याचा आग्रह नाही. ओहायोत मत्स्यशास्त्र शिकलेला पोरगा सोलच्या हागवॉनमध्ये, म्हणजे खासगी क्लासात, थेट 'सर' होतो. आपल्या एम.ए., बी.एड. बाईंना तो क्लास बंद. त्यांच्यासाठी २०१० साली लागू झालेल्या भारत-कोरिया कराराने एक खिडकी तेवढी किलकिली केली: सरकारी शाळेत सहायक व्हा. आणि हो, शिक्षकी पात्रतेचा कागद विसरू नका!

गंमत पुढेच आहे. हेच कोरियन विद्यार्थी इंग्रजी शिकायला फिलिपीन्समध्ये बागिओ आणि सेबूला जातात, कारण तिथल्या बाई उत्तम शिकवतात आणि फी परवडते. त्याच बाईंनी सोलच्या नोकरीसाठी अर्ज केला, की त्यांचं इंग्रजी एकाएकी कच्चं ठरतं. विमानात सामानाबरोबर हरवत असावं.

आदर्श शिक्षक म्हणजे जन्मजात इंग्रजी बोलणारा, या समजुतीवर १९६१ साली मकेरेरेच्या इंग्रजी-अध्यापन परिषदेत तज्ज्ञांचं शिक्कामोर्तब झालं. भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये तिची यथास्थित चिरफाड केली. मकेरेरे युगांडात आहे. युगांडाची राजभाषा इंग्रजी आहे. सातांच्या यादीत युगांडा नाही.

ओहायोवाल्याचे उच्चार झकास असतील, वादच नाही. पण 'अ' कुठे आणि 'द' कुठे, असं पोरानं विचारलं की तो म्हणणार, "असंच म्हणतात." ही आर्टिकलं कोरियनमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत. त्या दोन टीचभर शब्दांनी शाळेत ज्यांना रडवलं, त्या बाईंना पोराचं नेमकं कुठे अडतंय ते कळतं. हंगेरीचे पीटर मेद्येश स्वतः असेच शिकून शिक्षक झालेले. त्यांनी यावर १९९४ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

तेव्हा कोरियन सरकारला विनंती एवढीच: पासपोर्ट मागण्याआधी उमेदवाराला एक तास वर्गात उभं करा. शिकवता आलं नाही, तर ओहायोचंही परतीचं तिकीट काढा.