श्री. दोनदिवशे

प्रत्येक आयटी कंपनीत एक दोनदिवशे असतोच. हिंजवडीत तर मजल्यागणिक एक. खरं आडनाव काहीही असो, जुनी पर्ल स्क्रिप्ट पायथनमध्ये न्यायचा विषय निघाला की मीटिंगमध्ये पहिला आवाज याचा : "त्यात काय आहे सर? नुसतं कन्व्हर्ट तर करायचंय. दोन दिवस." साहेब लगेच लिहून घेतात. त्यांना तारीख हवी असते आणि दोनदिवशे ती न मागता देतो.

त्याची कीर्ती 2020 पासूनची. त्या वर्षी 1 जानेवारीला पायथन 2 ची देखभाल अधिकृतपणे थांबली आणि याने ऑफिसभरच्या फायलींत प्रिंटला कंस घालून दिले. पुढे एका रिपोर्टवर 'एकूण पानं : 2.5' असं छापून आलं, कारण पाच भागिले दोन म्हणजे जुन्या पायथनात दोन आणि नव्यात अडीच. ते निस्तरलं भलत्यानेच. कंसांचं श्रेय मात्र याच्या खात्यावर जमा.

पर्लबद्दल त्याचं मत वाईट. "काय ती भाषा! जिकडे बघावं तिकडे डॉलर." लॅरी वॉलने 1987 साली आणलेल्या या भाषेचं ब्रीदच आहे की एक काम अनेक वाटांनी करता येतं. आमची स्क्रिप्ट ज्याने लिहिली, त्याने त्या सगळ्या वाटा एकाच फाईलमध्ये तुडवल्या आणि राजीनामा दिला. दोनदिवशेची पद्धत सरळ : डॉलर काढा, सेमीकोलन काढा, महिरपी कंस उडवा, ओळी आत ढकला. स्क्रिप्ट मुळात करते काय, हे विचारायचं नाही. विचारलं की दोन दिवसांचे दोन महिने होतात, एवढं त्यालाही कळतं.

स्क्रिप्ट होती हजेरीची. फाईलमधून आलेले "2" आणि "3" यांची बेरीज पर्ल बिनबोभाट पाच करते. पायथनला ती अक्षरं वाटतात. तो दोघांना शेजारी शेजारी उभं करतो. त्यामुळे सकाळी दोन तास आणि रात्री तीन तास जादा थांबलेल्या शिपायाच्या नावावर तेवीस तासांचा ओव्हरटाइम लागला. त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार आली अकाउंट्समधून. अवतरणातलं शून्य पर्लच्या लेखी 'नाही', पायथनच्या लेखी 'आहे'. म्हणजे ज्यांच्या रजा शून्य, नेमक्या त्यांच्याच नावापुढे 'रजेवर' असा शेरा.

"अहो, मी गौरींनासुद्धा घरी थांबले नाही हो!" त्यांतल्याच एक बाई तावातावाने म्हणाल्या.

दोनदिवशे शांतपणे म्हणाला, "मॅडम, डेटाच खराब आहे."

स्क्रिप्टच्या पोटात ओळभर लांबीचा एक रेजेक्स होता आणि त्याच्यावर जुन्या लेखकाची टीप : याला हात लावू नये. या गोंधळानंतर दुसऱ्या खेपेला दोनदिवशेने लावला नाही. कशालाच लावला नाही, हे नंतर कळलं. डेमोला नवी पायथन स्क्रिप्ट फर्रकन चालली, आकडे चोख आले, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी हळूच फाईल उघडली. वर दोनदिवशेचं नाव, तारीख, आवृत्ती 2.0 आणि चार ओळींचं वर्णन. खाली कामाची ओळ एकच : सबप्रोसेसने जुनी पर्ल स्क्रिप्ट चालवायची आणि ती देईल ते छापायचं.

मान वर केली तेव्हा पडद्यावर शेवटची स्लाइड होती : 'पर्लपासून शंभर टक्के मुक्ती.'