पॅकेजराव, आधी मागचा हिशेब द्या!

प्रति,
मराठवाडा विशेष पॅकेज,
मुक्काम घोषणेपुरता छत्रपती संभाजीनगर, कायमचा पत्ता मंत्रालय, मुंबई.



पॅकेजराव, तुम्ही आमच्या शहरात येता ते लवाजम्यासह. 4 ऑक्टोबर 2016 रोजी मंत्रिमंडळाची बैठक इथे झाली, तेव्हा तुमचा आकडा 49 हजार कोटींच्या पुढे होता. 16 सप्टेंबर 2023 ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी, पुन्हा आलात. या वेळी 45 हजार कोटींहून अधिक, शिवाय सिंचन प्रकल्पांच्या सुधारित मान्यतांचे सुमारे 14 हजार कोटी वेगळे. सुधारित मान्यता म्हणजे काय, हे इथला शेतकरी चांगलं ओळखून आहे. प्रकल्प रखडतो, खर्च फुगतो आणि त्या फुगलेल्या खर्चाला मंजुरी मिळते. दिरंगाईची किंमत तुम्ही भेट म्हणून जाहीर करता, हा तुमच्यावरचा पहिला आरोप.

दुसरा आरोप याहून गंभीर आहे. जे आमच्या हक्काचं होतं, त्याचं तुम्ही दान केलंत. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला निधी आणि नोकऱ्यांत न्याय्य वाटा कबूल झाला. 1956 मध्ये तो राज्यघटनेच्या कलम 371(2) मध्ये आला. वि. म. दांडेकर समितीने 1984 मध्ये विकासाचा जिल्हावार अनुशेष मोजून दाखवला. 1 मे 1994 ला वैधानिक विकास मंडळं आली आणि समन्यायी निधीवाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे गेली. स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी यासाठी आयुष्य वेचलं. त्या मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली, तेव्हा ती वाढवली गेली नाही. विजय केळकर समितीचा समतोल विकासाचा अहवाल 2013 मध्ये शासनाला मिळाला, पुढच्या वर्षी विधिमंडळात मांडला गेला आणि मागे पडला. मोजमाप गेलं आणि त्याच्या जागी तुम्ही बसलात.

तुमचा आकडा कानावर पडतो, तेव्हा शहराच्या सातारा-देवळाई भागातली एखादी बाई टँकरवाल्याला फोन लावत असते. जुन्या शहरातली दुसरी मध्यरात्री उठून मोटार लावते, कारण नळाला पाणी कित्येक दिवसांनी आलेलं असतं. आधी प्यायचे हंडे, मग ड्रम, उरलं तर कपडे. जायकवाडीचं धरण इथून अवघ्या 50 किलोमीटरवर. तिथून शहरात पाणी आणणाऱ्या नव्या जलवाहिनीचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. 1,680 कोटींची ती योजना पुढे 2,700 कोटींवर गेली. हा भुर्दंड कोणामुळे, याचं उत्तर तुमच्या कुठल्या पानावर आहे?

शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात कारखाने येत आहेत, त्यांचं स्वागतच आहे. पण शेजारच्या बीड जिल्ह्यातली कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन, लेकरांना शाळेतून काढून ऊसतोडीला जातात. सर्वसमावेशक विकास मोजायचा असेल तर तो त्या ट्रॅक्टरवर बसलेल्या पोरांकडे बघून मोजा. आणि विकासाची जबाबदारी कायद्यात लिहून ठेवता येते: पश्चिम आफ्रिकेतल्या घानाने 1992 च्या राज्यघटनेतच नियोजन आयोग ठेवला, शिवाय राष्ट्राध्यक्षाने पद घेतल्यापासून दोन वर्षांत सामाजिक-आर्थिक विकासाचा कार्यक्रम संसदेपुढे मांडलाच पाहिजे, असं बंधन घातलं. तिथेही अडचणी आहेत, पण जबाबदारी कोणाची ते लिहिलेलं आहे. तुमची जबाबदारी कोणाच्याच नावावर नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. वैधानिक मंडळ अधिकारांसह परत आणा, अनुशेष तालुकावार नव्याने मोजा, आणि किती कोटी जाहीर झाले, किती मिळाले, किती खर्च झाले, हे दरवर्षी विधिमंडळात मांडा.

वाचकहो, पुढचं पॅकेज जाहीर होईल तेव्हा टाळ्या राखून ठेवा. आपल्या आमदाराला एकच विचारा: मागच्या पॅकेजमधले आपल्या तालुक्यात किती आले? उत्तर लेखी घ्या.

आपला,
मराठवाड्यातला एक करदाता