ओलं लाकूड सुकं म्हणून विकणाऱ्यास

वखारवाले काका,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट विषयावर येते.

दिवाळीनंतर तुमच्याकडून सागाच्या फळ्या नेल्या. चार वर्षांच्या मुलीसाठी पलंग करतेय, कडेला कठडा हवाय, हे दोनदा सांगितलं होतं. तुम्ही फळीवर बोटांनी टकटक केलंत आणि म्हणालात, “दोन उन्हाळे काढलेला माल आहे ताई, डोळे झाकून न्या.”

एप्रिलमध्ये एका रात्री मुलीने उठताना कठड्याला धरलं आणि वरची पट्टी खांबातून उपसून तिच्या हातात आली. ती तोंडावर आपटली. ओठाला दोन टाके पडले.

गजांमधली फट मी सहा सेंटिमीटरांच्या आत ठेवली होती, डोकं अडकू नये म्हणून. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त शिसं चालत नाही, हा नियम आपल्याकडे 2017 पासून लागू आहे. रंग घेताना डबा फिरवून फिरवून वाचला होता. कोपरे घासून गोल केले. माझ्या हातून चुकण्यासारखं जे जे होतं, ते तपासलं. फळीच्या पोटातलं पाणी मला दिसत नव्हतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं.

तो सांधा का सुटला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, तरी लिहिते. लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की ते आखडू लागतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. पट्टीचं खाचेत बसणारं टोक तीन इंच रुंद होतं. ते सुकताना दोन मिलिमीटरांहून जास्त आखडलं. खांबातली खाच उभ्या रेषांच्या दिशेने पाडलेली, ती होती तेवढीच राहिली. मग सरस कशाला धरणार?

संशय नको म्हणून मे महिन्यात तुमच्या त्याच थप्पीतला तुकडा विकत आणला. तेव्हाही तुम्ही “दोन उन्हाळे” हेच म्हणालात. घरी वजन केलं: 265 ग्रॅम. वजन उतरायचं थांबेपर्यंत ओव्हनमध्ये 103 अंशांवर सुकवला: 205 ग्रॅम. म्हणजे 29 टक्के ओलावा. घरातल्या सामानाला 10 ते 12 टक्क्यांचं लाकूड लागतं. त्या फळीने एकही उन्हाळा धड पाहिलेला नव्हता.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. रंधा मारताना वरचा तांबूस रंग ढलप्यांबरोबर निघून गेला आणि आत पांढरट लाकूड दिसलं, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. “ताजा कापलेला साग असाच असतो, हवेवर गडद होतो,” असं तुम्ही सांगितलंत. हे गाभ्याच्या लाकडाबद्दल खरं आहे. तुम्ही दिलेला सालीलगतचा पांढरा भाग होता, त्यावर रंगाचं पाणी फासलेलं. सागाचं नाव ज्यामुळे झालं ते वाळवीला दाद न देणारं तेल गाभ्यात असतं. पांढऱ्या भागात असतो स्टार्च, भुंगेऱ्यांचं खाणं. आज त्या पलंगाच्या पायांना टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि रोज सकाळी खाली तांदळाच्या पिठासारखा भुगा पडलेला असतो. अर्ध्या सत्याने माझा प्रश्न तुम्ही मिटवलात, याचा मला त्या पट्टीपेक्षा जास्त राग आहे. मी विचारलं होतं. त्या वेळी खरं सांगितलं असतंत, तर काम तिथेच थांबलं असतं.

ओलं लाकूड विकण्यात काही गैर नाही. एक इंची फळी सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, वारा खेळता ठेवला तर वर्षभरात सुकते. मी थांबले असते. आता थांबलेच आहे. दुसरीकडून, ओलं आहे असं सांगून दिलेल्या फळ्या गॅलरीत रचल्या आहेत. दर महिन्याला एक वजन करते आणि आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहिते. तोवर मुलगी खाली गादीवर झोपते. पलंग कधी, असं रोज विचारते.

मागच्या आठवड्यात तुमच्या वखारीवरून गेले. ती थप्पी अजून निम्मी उरली आहे. तिच्यावर खडूने ‘ओला माल, पांढरं लाकूड’ असं लिहा. आजच लिहा.

मुलीची आई