सेन्योर

ह्यूस्टनच्या मराठी गोतावळ्यात त्याला सगळे ‘सेन्योर’ म्हणतात. वय पंचेचाळिशीच्या पुढे, केस बेताचे, आवाज मात्र सांगलीचा. सत्यनारायणाची कथा चालू असताना हा कोपऱ्यात बसून ओठ हलवतो. नव्या पाहुण्याला वाटतं, काय भाविक माणूस आहे! हा तेव्हा स्पॅनिशची अनियमित क्रियापदं घोकत असतो. मांडीवर फोन, फोनवर ड्युओलिंगोचं ते हिरवं घुबड. वहिनी म्हणतात, ‘माझा वाढदिवस विसरतील, घुबडाचा खाडा करायचे नाहीत.’

तो सिव्हिल इंजिनिअर. टेक्सासच्या साइटवर सळई बांधणारा, शटरिंग ठोकणारा, पंपवाला, गवंडी असे बरेच जण मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोर नाहीतर ग्वाटेमालाचे. साहेबांचं इंग्रजी आणि त्यांचं स्पॅनिश यांच्यामध्ये एक मेक्सिकन मुकादम. तो दोन्हीकडचं भाषांतर करी आणि करताना दोन्हीकडचा राग गाळून घेई. काम उत्तम चाललं होतं. पण सेन्योरला एक शंका कुरतडू लागली: आपण चार वाक्यं बोलतो, हा दोनच शब्द सांगतो आणि तरी सगळे एवढे हसतात का? बढतीसाठी स्पॅनिश शिकणारे पुष्कळ असतील, हा या हसण्यापायी शिकायला लागला.

सुरुवात झकास झाली. गोऱ्या सहकाऱ्यांची जीभ ‘र’ घोळवताना घामाघूम व्हायची, याचा ‘र’ कृष्णाकाठचा. स्पॅनिशमधलं ‘तू’ आणि आदराचं ‘उस्तेद’ यातला फरक त्यांना तासभर समजावून सांगावा लागे, याला काय सांगायचं? मात्र चुकून कुणाचा अपमान नको म्हणून हा सरसकट सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणू लागला. पाणी भरणारं पोरही उस्तेद, कंटेनरखाली झोपणारं मांजरही उस्तेद.

रोज सकाळी कामगारांना उन्हाबद्दल सावध करणं हे त्याचं हक्काचं व्यासपीठ. कामगारांना कळेल अशाच भाषेत सुरक्षेचं प्रशिक्षण द्यावं, असा तिकडच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा खात्याचा दंडक आहे आणि उन्हाळ्यासाठी त्यांची घोषणाही तयार आहे: आग्वा, देस्कान्सो, सोंब्रा. पाणी, विश्रांती, सावली. क्रियापद औषधालाही नाही, त्यामुळे सेन्योर ती खणखणीत म्हणतो.

घोळ झाला स्लॅबच्या दिवशी. ऊन चढायच्या आत, पहाटेच मिक्सरचे ट्रक लागलेले. काँक्रीट जरा घट्ट वाटलं की कुणीतरी पाइप हातात घेणारच. पाणी घातलं की माल सरसर पसरतो, फावडं हलकं चालतं, फक्त स्लॅबची ताकद जाते. आता ‘पाणी घालू नका’ एवढंच सांगायचं होतं. पण आदराने मनाई करायची तर स्पॅनिशमध्ये क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये घालावं लागतं, आणि तो धडा घुबडाने अजून उघडला नव्हता. सेन्योर डोळे मिटून रूप चालवू लागला. शेवटी पाण्याची धार सुटलेली दिसली आणि तो ओरडला, ‘अरे ए! पाणी नको!’ पाइप जागच्या जागी बंद. त्या दिवशी उस्तेद वगैरे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी सगळे त्याला ‘इंहे’ म्हणू लागले. मेक्सिकोत इंजिनिअरला लाडाने असंच म्हणतात, पण सेन्योरने मंडळाच्या संक्रांतीला ही गोष्ट पद्मश्री मिळाल्यासारखी सांगितली. (तिळगूळ तेवढा वेळ आमच्या हातातच.)

भाषा येऊ लागली तसा मुकादमाचा भार मात्र उतरला. पूर्वी कुणी कामावर आलं नाही की मुकादम ‘आजारी’ म्हणून मोकळा व्हायचा. आता रजा हवी असलेला माणूस थेट इंहेकडे येतो आणि आजीचं ऑपरेशन, मेव्हण्याच्या ट्रकचं बंद पडलेलं इंजिन, भाच्याचा बाप्तिस्मा असं यथासांग सांगतो. सेन्योरला यातलं अर्धं कळतं, पण न कळलेलं कबूल करणं त्याच्या स्वभावात नाही. म्हणून तो ‘क्लारो, क्लारो’ करत मान डोलावतो आणि त्या डोलावण्यातच रजा मंजूर होते. हे साइटवर सगळ्यांना ठाऊक आहे, त्याला सोडून.

मेक्सिकन पोरं बोलायला लागली की त्याला वाक्याचं शेपूटही पकडता येत नाही. एका माणसाचा मात्र शब्दन् शब्द कळतो. ग्वाटेमालातल्या तोतोनिकापानचा एक वयस्कर गवंडी. संथ बोलतो, प्रत्येक शब्द पारखून ठेवतो. सेन्योर आम्हाला सांगत सुटला, याला म्हणतात शुद्ध स्पॅनिश! पुढे उलगडा झाला की त्या बाबाची मातृभाषा किचे, माया लोकांची. स्पॅनिश त्यानेही मोठेपणीच, पोटासाठी, कामावर उचललेलं.

हल्ली जेवणाच्या सुट्टीत दोघं शेजारी बसतात. त्याच्या तोर्तियात याचा ठेचा, आणि विषय हवामानापासून लेकीच्या लग्नापर्यंत कुठलाही. दोघांचं व्याकरण मुकादम मधूनमधून दुरुस्त करतो. शिकवणीचे पैसे तो घेत नाही, फक्त ठेचा वाढून घेतो.